चष्मा कप्प्यात आहे

पहाटे पावणेचारला पोल्माकहून आस्लाकचा फोन.
गाय अडली आहे. एक पाय बाहेर,
दुसऱ्याचा पत्ता नाही.
म्हटलं, ओढू नकोस, निघालेच.

निघालेच म्हणायला काय जातं.
बाहेर उणे चोवीस. अंगणात ही उभी,
नवी, पांढरी, बर्फात बर्फ.
मला पाहून दिवे मिचकावले,
मुठी मात्र दारातच, जीभ चावून बसल्यासारख्या.
जवळ गेलं की आपोआप बाहेर येतात,
विकणारा म्हणाला होता.
येतात. जुलैत.
एक बुक्की मारली, दुसरी मारली,
तिसरीला एक मूठ आली बाहेर,
मागच्या दाराची.

चौसष्टाव्या वर्षी मी मागून शिरले,
दोन सीटांच्या फटीतून, आधी बॅग, मग डोकं,
मग एक पाय. दुसरा अडकला.
तिकडे ते वासरूही असंच.

काचेवर आतून दव गोठलेलं.
जुन्या गाडीत ऊब यायची एका गोल बटणातून,
बशीएवढं बटण, कडेला खाच;
लोकरी हातमोज्यातूनही कळायची ती खाच.
तीस वर्षं मी ते न बघता फिरवलं.
माझा धंदाच न बघता करायचा:
खांद्यापर्यंत हात आत, डोळे भिंतीवर,
आणि बोटं सांगतात हा खूर, हा गुडघा, हे नाक.

आणि ही म्हणते, बघ.
इथे बघ, पडद्यावर.
हातमोजा काढला, बोट लावलं.
गारठलेल्या बोटाला ओळखच दाखवेना.
तोंडात घालून गरम केलं, पुन्हा लावलं,
तर काहीतरी उघडलं, अक्षरं मुंग्यांएवढी.
चष्मा लागणार.
चष्मा समोरच्या कप्प्यात आहे.
कप्प्याला कडी नाही, खिट्टी नाही.
कप्पा पडद्यावरून उघडतो.

मी थोडा वेळ नुसतीच बसून राहिले.

मग तोंडाने सांगून पाहिलं, कप्पा उघड, बाई.
तिला राजधानीची भाषा कळते, आमची नाही.
म्हणाली, हॅमरफेस्ट, साडेचार तास,
निघायचं का?

निघालो. काचेत तळहाताएवढं भोक खरवडून,
त्यातून दिसेल तेवढा रस्ता.
नदीकाठी तीन रेनडिअर निवांत उभे;
मी चाक डावीकडे, ही उजवीकडे,
आपली रेघ सोडायची नाही म्हणून हट्टाला पेटलेली.
चाक दोघींच्या हातात, आणि रेनडिअर
लग्नघरातलं भांडण बघावं तसे बघत होते.
वर सारखं टिंग. टिंग. टिंग.
पडद्यावर लाल काहीतरी लुकलुकतंय.
थकलीस, कॉफी घे, असं म्हणत असेल;
मागे एकदा म्हणाली होती.
गप्प बस गं, म्हटलं. पाठीत गार वारं शिरत होतं,
वय झालं, म्हटलं.

गोठ्यात एकच दिवा, तोही डोळे मिटणारा.
चालेल. हात आत घातला.
दुसरा पाय गुडघ्यात दुमडलेला, कडेला रुतलेला.
अशा वेळी ओढायचं नसतं. आधी मागे ढकलायचं,
जागा करायची, खूर ओंजळीत धरून
हळूच सरळ करायचा. मग गाईलाच ठरवू द्यायचं.
सव्वासहाला कालवड झाली,
ओली, वाफाळलेली, लगेच शिंकली.

आस्लाकची एले, सात वर्षांची, आजोबांच्या बुटांत,
माझ्याबरोबर गाडीपर्यंत आली.
तिला म्हटलं, चष्मा.
तिने पडद्यावर दोनदा टिचकी मारली,
कप्प्याने आ केला.

हात नीट पुसून मी चष्मा लावला.
ती अजून लुकलुकतच होती.
पस्तीस किलोमीटर टिंग टिंग करून
बिचारी मला सांगत होती:
मागचं दार नीट लागलेलं नाही.

एले हसली.
मी जाऊन दार लावलं, जरा जोरातच.